बुरशीची अ‍ॅलर्जी, एबीपीए आणि व्हिटॅमिन डी, झिंक, लोह: खरंच काही फरक पडतो का?

सड्यावरची

नमस्कार मंडळी, आईबद्दल विचारायचंय, जरा सविस्तर लिहिते. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, घर जुनं जांभ्याचं, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, मागे गोठा आणि पेंढ्याची उडवी. आईला दमा खूप वर्षांपासून आहे पण पंपावर बरा चालला होता. गेल्या पावसाळ्यानंतर खोकला वाढला, ताप यायला लागला, बेडक्यातून तपकिरी कडक गुठळ्या पडायच्या. एक्स-रेत डाग दिसला म्हणून जवळच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, थुंकीत जंतू सापडला नव्हता तरीही. वजन उतरत गेलं, धाप तशीच. शेवटी कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्तातलं आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि अ‍ॅस्परजिलस बुरशीची टेस्ट करायला सांगितली, एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) काढला आणि एबीपीए, म्हणजे श्वासनळ्यांत बसलेल्या त्या बुरशीची अ‍ॅलर्जी, असं निदान झालं.

आता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड चालू आहे, बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आहेत, पंप आहे, शिवाय व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी आठवड्याला एक आणि रोज कॅल्शियम. आईला आता बरंच बरं आहे. प्रश्न पुढचा आहे. मामेभावाने कुठेतरी वाचलंय की व्हिटॅमिन डी वाढवलं की बुरशीची अ‍ॅलर्जीच जाते, म्हणून तो म्हणतो पुडी रोज दे आणि स्टिरॉईड बंद कर, स्टिरॉईडने हाडं जातात. मावशी म्हणते झिंक आणि सी चालू कर. शेजारच्या काकू म्हणतात झिंक अजिबात नको, कोविडमध्ये त्यानेच काळी बुरशी झाली लोकांना. आई सगळ्यांचं ऐकून घाबरून गेलीये. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा.

छातीचा_डॉक्टर

ताई, पहिली गोष्ट, स्टिरॉईड आपल्या मनाने अचानक बंद करू नका. काही आठवडे प्रेडनिसोलोन घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावतं, एकदम थांबवलं तर माणूस गळून जातो, बीपी उतरतं, जिवावरही बेतू शकतं. डोस हळूहळू उतरवायचा असतो आणि तो तुमचे डॉक्टर उतरवतील.

टीबी समजून गोळ्या चालू होणं हे आपल्याकडे एबीपीएच्या पेशंटमध्ये फार दिसतं. डाग दिसला, खोकला आहे, वजन उतरतंय, की टीबी. म्हणून दम्याच्या प्रत्येक पेशंटची अ‍ॅस्परजिलसची आयजीई एकदा तरी करावी असं चंदीगडच्या पीजीआयचे डॉ. रितेश अगरवाल आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं सांगतायत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये एकूण आयजीईची मर्यादा १००० वरून ५०० वर आणली आहे, म्हणजे आता आणखी पेशंट वेळेत पकडले जातील.

आता व्हिटॅमिन डी. आईंना ती पुडी आणि कॅल्शियम बहुतेक हाडांसाठी दिलंय, अ‍ॅलर्जीसाठी नाही. महिनोन्महिने स्टिरॉईड म्हणजे हाडं विरळ होणार, त्यात वय, त्यात पाळी गेलेली. तुमचा मामेभाऊ हाडांची काळजी करतोय ती रास्तच आहे, पण तिचं उत्तर प्रिस्क्रिप्शनमध्ये आधीच लिहिलेलं आहे. पुडी रोज मात्र देऊ नका. ६०,००० रोज म्हणजे काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम चढायला लागेल.

पेशीपुराण

मी इम्युनॉलॉजीत काम करतो, सध्या देशाबाहेर आहे. पेशंट बघत नाही, त्यामुळे उपचाराचं डॉक्टर म्हणतायत तेच धरा. पण मामेभावाने जे वाचलंय ते हवेतलं नाहीये, त्याच्या मागे खरं काम आहे, ते समजून घेतलं की त्यातून काय निघतं आणि काय निघत नाही तेही कळेल.

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचा बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचा, इतका बारीक की थेट फुप्फुसात खोल जातो, आणि ३७ डिग्रीला मजेत वाढतो. आपण सगळेच रोज हे बीजाणू श्वासातून घेतो आणि साफही करतो. दमा असलेल्या काहींच्या श्वासनळीत चिकट कफ असतो, तिथे बीजाणू अडकतो, फुगतो, त्याला तंतू फुटतात आणि तो प्रोटीन कापणारी एन्झाइम्स सोडतो. श्वासनळीच्या अस्तराला इजा झाली की तिथल्या पेशी धोक्याचे रेणू सोडतात, आयएल-३३, टीएसएलपी वगैरे. मग डेंड्रायटिक पेशी, ज्या बाहेरच्या वस्तूचा तुकडा घेऊन टी पेशींना दाखवतात, त्या टी पेशींना टीएच-२ नावाच्या वळणावर नेतात. टीएच-२ म्हणजे आयएल-४, ५ आणि १३ हे पेशींना निरोप देणारे रेणू. चारमुळे आयजीई, पाचमुळे इओसिनोफिल नावाच्या अ‍ॅलर्जीतल्या पांढऱ्या पेशी, तेरामुळे कफ. आईंच्या त्या तपकिरी गुठळ्या म्हणजे हाच घट्ट झालेला कफ, त्यात इओसिनोफिल आणि बुरशीचे तंतू.

आता डी कुठे येतं? डेंड्रायटिक पेशींमध्ये व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर असतो, आणि रक्तातल्या साध्या डीचं सक्रिय रूप त्या स्वतःच बनवू शकतात, किडनीची वाट बघत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या गटाने सिस्टिक फायब्रोसिसचे (जन्मजात आजार, यात फुप्फुसात घट्ट कफ साठतो) पेशंट घेतले, सगळ्यांच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस होता, पण काहींना एबीपीए झालेला आणि काहींना नाही. एबीपीएवाल्यांच्या टी पेशी बुरशी दिसली की जोरात टीएच-२ कडे जायच्या, आणि त्यामागे डेंड्रायटिक पेशींवरचा ओएक्स-४० लिगँड नावाचा रेणू होता. ज्यांना एबीपीए नव्हता त्यांच्यात आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशी जास्त होत्या. टीएच-२ जितकं जास्त तितकं रक्तातलं डी सरासरीने कमी दिसलं. आणि प्रयोगशाळेत त्या पेशींना सक्रिय डी दिल्यावर ओएक्स-४० लिगँड उतरला, आवर घालणारं टीजीएफ-बीटा वाढलं, टीएच-२ थंडावलं. मला स्वतःला हे काम फार आवडतं, कारण एकच बुरशी एकाला आजारी पाडते आणि दुसऱ्याला नाही याचं पेशींच्या पातळीवर दिसणारं कारण त्यातून हाती आलं.

पण हे डिशमधलं. पुढे त्याच विषयावर एक छोटी ट्रायल झाली, सिस्टिक फायब्रोसिस आणि एबीपीए असलेल्यांना रोज ४००० युनिट, २४ आठवडे. बुरशीला उत्तर म्हणून येणारं आयएल-१३ कमी झालं. पण पेशंट हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आणि तुलनेला प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा, गट नव्हता. त्यावरून कुणाचं स्टिरॉईड बंद करता येत नाही. शिवाय सिस्टिक फायब्रोसिसमध्ये स्वादुपिंडच नीट चालत नाही, चरबी पचत नाही, म्हणून डी, ए, ई, के सगळी चरबीत विरघळणारी व्हिटॅमिन्स कमी पडतात. दम्यातून एबीपीए झालेला आपल्याकडचा पेशंट वेगळा. ते निष्कर्ष जसेच्या तसे त्याला लावायला मी धजणार नाही.

लासलगावकर

एबीपीए मलाही आहे, बरीच वर्षं झाली. आमचा कांद्याचा धंदा, चाळीत कांदा साठवलेला, त्यावर काळी बुरशी धरते ती पाहिली असेल सगळ्यांनी, चाळ फोडली की काळी भुकटी उडते. ती अ‍ॅस्परजिलसच, पण नायजर, वेगळी जात असं मला डॉक्टरांनी सांगितलं. माझं डी १२ निघालं होतं, पुड्या घेऊन ३५ च्या वर आणलं. अंगदुखी गेली, पायात गोळे यायचे ते थांबले, हे नक्की. पण दम्यात आणि आयजीईत काही फरक पडला असं मी म्हणणार नाही, आयजीई उतरलं ते स्टिरॉईड आणि इट्रावर. नंतर भडकला तेव्हा डी चांगलंच होतं. पेशीपुराण साहेब, नुसत्या दम्यावर मोठ्या ट्रायल झाल्यात का डीच्या?

पेशीपुराण

झाल्यात दादा. २०१४ ची विडा नावाची ट्रायल, ४०८ मोठी माणसं, सगळ्यांना दमा आणि डी ३० च्या खाली. निम्म्यांना सुरुवातीला १ लाख युनिट आणि मग रोज ४०००, निम्म्यांना प्लासिबो. दमा बिघडण्याचं प्रमाण त्यामुळे कमी झालं नाही. २०२० मध्ये मुलांवरची आली, १९२ मुलं, परत रोज ४०००, ती तर फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून मध्येच थांबवली. सगळ्या ट्रायल एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात दम्याचे मोठे अटॅक डीमुळे कमी होतात असं आलं होतं, सगळीकडे बातम्या झाल्या, पण २०२३ मध्ये नव्या ट्रायल धरून परत आढावा घेतला तेव्हा तो फायदा उरला नाही. लोकांच्या फोनवर अजून २०१६ वालंच फिरतंय.

म्हणजे तुमचा अनुभव एकट्याचा असला तरी मोठ्या आकड्यांच्या दिशेनेच आहे. माझं मत विचाराल तर, डी खूप कमी असणं आवर घालणाऱ्या पेशींसाठी वाईट आहे हे मला पटतं, त्यामुळे कमी असेल तर भरून काढावं. पण टीएच-२ चं चक्र एकदा जोरात फिरायला लागलं, कफात बुरशी वाढतीये, की तिथे डी पुरं पडत नाही.

पणजीकार

झिंकबद्दल कुणी बोललं नाही. २०२१ मध्ये माझ्या काकांना म्युकर (काळी बुरशी) झाला होता, वाचले, पण एक डोळा गेला. त्यांना कोविडमध्ये झिंक, सी, डी, स्टिरॉईड सगळं चालू होतं आणि शुगर ४०० च्या वर. तेव्हापासून घरात झिंकची गोळी कुणी आणू देत नाही. सड्यावरची यांच्या शेजारच्या काकू म्हणतात त्यात तथ्य आहे का?

छातीचा_डॉक्टर

काकांबद्दल वाईट वाटलं. दोन आजार वेगळे आहेत ते आधी सांगतो. म्युकर म्हणजे बुरशी शरीरात घुसून ऊती मारत जाते, तिथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली असते. एबीपीएत बुरशी ऊतीत घुसत नाही, कफात बसलेली असते आणि प्रतिकारशक्ती तिच्याविरुद्ध अति करते. तुम्ही शुगर आणि स्टिरॉईड लिहिलंत, म्युकरची मोठी कारणं हीच.

झिंकचा संशय कुठून आला तर बुरशीला वाढायला झिंक आणि लोह दोन्ही लागतं. आपल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रोटीन सोडतात, ते आजूबाजूचं झिंक धरून ठेवतं आणि बुरशीची उपासमार करतं, अ‍ॅस्परजिलसचीही. म्हणून ५० मिलीग्रॅमच्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्याने काय होत असेल हा प्रश्न तेव्हा डॉक्टरांनीच उपस्थित केला होता. पण दुसऱ्या बाजूला झिंक फार कमी असेल तर टी पेशीच नीट बनत नाहीत. जेवणातलं झिंक, डाळी, तीळ, मासे, अंडी, यांना घाबरायचं कारण नाही. गोळ्यांची गरज एबीपीएसाठी म्हणून नाही. आणि मोठा माणूस रोज ४० मिलीग्रॅमच्या वर बराच काळ घेत राहिला तर तांबं शोषलं जात नाही, त्यातून रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशीही उतरतात. सी बद्दल बोलण्यासारखं काही नाही, आवळा-लिंबू खा, गोळी नको.

निशिगंध

मी आहारतज्ज्ञ आहे, माझ्याकडे दम्याचे पेशंट येतात ते डी आणि झिंकच विचारतात, लोह कुणी विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. व्हिएन्नातला एक गट बरीच वर्षं हेच मांडतोय की लोह कमी पडलं की रोगप्रतिकारक पेशी टीएच-२ कडे, म्हणजे अ‍ॅलर्जीकडे, जास्त झुकतात. बुरशीसुद्धा लोहासाठी टपलेली असते, अ‍ॅस्परजिलस साइडरोफोर नावाचे रेणू सोडून आजूबाजूचं लोह ओढून घेतो. ते संशोधन जिथे जाईल तिथे जाऊ दे, पण साधी गोष्ट ही की हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागणारच, आणि घरचे म्हणतात दमा वाढला, पंप वाढवा. सड्यावरची ताई, आईचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट) झालंय का बघा. आजार भडकलेला असताना फेरिटिन खोटं चढलेलं दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांकडूनच वाचून घ्या. आणि मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, कमी असेल तरच.

जेवणावर लगेच चहा नको, लोह शोषलं जात नाही, निदान तासभर जाऊ दे. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र नको. तुमच्याकडे मासे खात असाल तर बांगडा, तारली यांत डी बऱ्यापैकी असतं, अंड्याच्या बलकात थोडं. पावसाळ्यात आपल्याकडे ऊन पडतच नाही धड, तेव्हा तेवढा आधार.

अजून एक, बुरशीची अ‍ॅलर्जी म्हटलं की लोक इडली, डोसा, दही, पाव, मशरूम सगळं बंद करतात. श्वासातून जाणारा अ‍ॅस्परजिलस आणि पोटात जाणारं आंबवलेलं पीठ यांचा तसा संबंध नाही. एखाद्याला मशरूम खाऊन खरंच त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी. स्टिरॉईडने आधीच स्नायू उतरतात, त्यात पेशंटचं प्रोटीन तोडू नका. वजन उतरलेल्या बाईला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवलेलं मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

सड्यावरची

सगळ्यांचे खूप खूप आभार, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. इडलीचं ऐकून तिला इतका आनंद झाला. हिमोग्लोबिन ९.४ आहे, फेरिटिन केलेलं नाही.

पण डॉक्टर, तुमचं वाचून मी आईच्या सगळ्या गोळ्या बाहेर काढून बघितल्या आणि धास्तावले. गुडघ्यासाठी तिने मध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, तिथे तिला डीचं ६ लाखाचं इंजेक्शन दिलेलं, कागद सापडला. त्यांच्या कॅल्शियमच्या गोळीतही डी आहे. म्हणजे इंजेक्शन, पुडी, गोळी तिन्ही. भाऊ केसांसाठी म्हणून बायोटिनही देत होता. आणि आई हल्ली म्हणते पोट साफ होत नाही, तहान फार लागते, रात्री लघवीला उठते. मला वाटलं स्टिरॉईडने शुगर वाढली असेल.

छातीचा_डॉक्टर

ताई, शुगर तर बघाच, स्टिरॉईडवर ती वाढतेच. पण बद्धकोष्ठता, तहान, जास्त लघवी ही कॅल्शियम चढल्याचीही लक्षणं आहेत. उद्याच रक्तातलं कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, शुगर आणि डीची पातळी करून घ्या. आईंना मळमळ, उलट्या, खूप सुस्ती किंवा बोलण्यात गोंधळ वाटला तर रिपोर्टची वाट न बघता दवाखान्यात न्या. पुडी आणि कॅल्शियम तोपर्यंत थांबवायचं का हे तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, मी असतो तर थांबवलं असतं. स्टिरॉईड आणि इट्राकोनॅझोल मात्र चालू ठेवा. बायोटिनचं लॅबवाल्यांना सांगा, काही मशीनवर बायोटिनमुळे डीची पातळी आणि थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.

आणि गोळ्या बघतच आहात तर हेही बघा, पित्ताची पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी चालू आहे का. साधी इट्राकोनॅझोल कॅप्सूल पोटात अ‍ॅसिड असेल तरच नीट शोषली जाते, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची. स्टिरॉईडसोबत पित्ताची गोळी सर्रास दिली जाते आणि मग इट्राकोनॅझोल लागू पडत नाही. पंपात ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असेल तर उलटं होतं, इट्राकोनॅझोल त्याचं शरीरातलं विघटन अडवतं, आणि पंपातलं स्टिरॉईडही अंगात साठतं, चेहरा सुजतो.

लासलगावकर

पित्ताच्या गोळीचं मलाही दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. नंतर डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारची इट्राकोनॅझोल दिली, तिला अ‍ॅसिड तितकं लागत नाही म्हणे, थोडी महाग पडते. सड्यावरची ताई, पेंढ्याच्या उडवीजवळ आईला जाऊ देऊ नका, विशेषतः पाऊस लागून आत गरम झालेला पेंढा उपसताना. शेणखताचा खड्डा पण तसाच. मी चाळीत जाताना एन-९५ लावतो, रुमालाने काही होत नाही.

सड्यावरची

रिपोर्ट आले. कॅल्शियम ११.१, डी १०० च्या वर, क्रिएटिनिन ठीक आहे, शुगर जेवणानंतर १९०. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डी आणि कॅल्शियम दोन्ही बंद केलं, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, शुगरची गोळी चालू केली, पित्ताची गोळी होतीच ती काढून टाकली. फेरिटिन कमी निघालं म्हणून लोह सुरू केलंय. मामेभावाला कागदच दाखवला, तो गप्प झाला पण आता तोच तिला दर वेळी गाडीतून घेऊन जातोय. उडवी गोठ्याच्या पलीकडे हलवली, मागच्या भिंतीवरचं पन्हळ गळत होतं ते बदलून घेतलं. आयजीई परत कधी करायचं?

छातीचा_डॉक्टर

छान केलंत. कॅल्शियम आठवड्याभराने परत करा, डी चरबीत साठलेलं असतं त्यामुळे ते सावकाश उतरेल, काही महिनेही लागतील, घाबरू नका. हाडांसाठी पुढे काय द्यायचं ते कॅल्शियम खाली आल्यावर ठरेल. आयजीई उपचार सुरू केल्यापासून साधारण ८ आठवड्यांनी. ते नॉर्मलला आलं नाही म्हणून खचू नका, एबीपीएत ते बहुतेकांचं नॉर्मलला येतच नाही, किती उतरलं ते बघायचं आणि तो आकडा आईंची पायरी म्हणून लिहून ठेवायचा. पुढे कधी त्याच्या दीडपट झालं आणि खोकला, धाप किंवा एक्स-रेत नवीन काही आलं तर परत भडकलंय असं समजतात. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा दाखवून घ्या.